तोफेचं किती, बाबांचं किती

माझे बाबा एकदाही लढाईवर गेले नाहीत. सैन्यात चोवीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस एकाच माळावर, एकाच डोंगराकडे तोंड करून. मामा त्यावरून त्यांची खेचायचा. म्हणायचा, भाऊजींचं वैर काय ते त्या डोंगराशी, आणि डोंगर तर अजून जागचा हललेला नाही. यावर सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसायचे.

त्यांचं काम शिकवण्याचं. उखळी तोफ म्हणजे छातीच्या उंचीची एक जाड नळी. ती तिरकी उभी करायची, तोंडातून गोळा आत सोडायचा आणि झटकन खाली वाकायचं. गोळा तळाला आपटतो आणि डोंगराकडे निघून जातो. शिकाऊ जवानांची तुकडी सहा आठवड्यांसाठी यायची आणि जायची. एकेकाच्या वाट्याला चाळीस-पन्नास गोळे येत. बाबा मात्र दर गोळ्याला तिथेच, नळीपासून हातभर अंतरावर, शिकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. कानात बोळे घातलेले असायचे, पण ते सांगायचे की तोफ आधी छातीत वाजते, मग दातांत, कानांचा नंबर शेवटचा.

आमचं घर माळापासून तीन मैलांवर होतं. सकाळी दहाच्या सुमाराला कपाटातले काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागायचे आणि आई म्हणायची, आले बाबा कामावर. संध्याकाळी बाबा प्रत्यक्ष घरी यायचे तेव्हा ती ओठांवर बोट ठेवायची. बैठकीतला मोठा दिवा आम्ही लावत नसू. स्वयंपाकघरातला उजेड दारातून जेवढा येईल तेवढ्यात जेवायचो. बाबांचं डोकं चढलंय, एवढंच कारण आम्हाला ठाऊक होतं. दिवसभर उन्हात उभं राहिल्यावर चढणारच, असं मला वाटे. रविवारी ते वेगळेच असायचे. बदकासारखं चालून दाखवायचे, मला ठकू म्हणायचे, आईच्या शिलाई मशीनचं चाक फिरवत तोंडाने आगगाडीचा आवाज काढायचे. पुढेपुढे रविवारही इतर वारांसारखे झाले.

मी सोळा वर्षांची असताना ते निवृत्त झाले. आम्ही गावात आलो, घराच्या पुढच्या खोलीत आईने शिवणकामाचं दुकान काढलं आणि बाबा कापड बेतायला शिकले. गिऱ्हाइकांना त्याचं नवल वाटायचं. पण तोफेचा कोन पाव अंशाने चुकू न देणारा माणूस तो. खडूची रेघ ओढताना श्वास रोखून धरायचे. वर्षभरात त्यांचा हात असा बसला, की त्यांनी बेतलेल्या सदऱ्याला पुन्हा बघावं लागत नाही असं आई सांगायची.

कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, हा शिंप्याच्या घरातला पहिला नियम. कागदाने धार जाते. सतराव्या वर्षी एका दुपारी मी घाईत त्या कात्रीने वहीला घालायचं कव्हर कापलं. बाबांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत, त्यांचा चेहराही बदलला नाही. त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली, दोन पावलं मागे गेले आणि ती माझ्या तोंडावर फेकली. हनुवटीची कड कापून ती मागच्या दारावर आदळली. आई धावत आली. मला पाच टाके पडले. दवाखान्यातून परत आलो तेव्हा बाबा त्याच कात्रीने अस्तर कापत होते. मान वर करून म्हणाले, "ठकू, हनुवटीला काय लागलं गं?"

मला ते नाटक वाटलं. पुढची अकरा-बारा वर्षं ते मला नाटकच वाटत राहिलं. कात्रीचं मी एक वेळ माफ केलं असतं, त्या प्रश्नाचं केलं नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर मी दुसऱ्या शहरात गेले. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला लागले. आईशी दर बुधवारी फोनवर बोलायचे. तिने एकदा हळूच विचारलं होतं, बाबांना फोन देऊ का. मी म्हटलं, मशीन चालू आहे गं, ऐकू येत नाही. पुन्हा तिने विचारलं नाही.

मी एकोणतीस वर्षांची असताना एका बुधवारी ती म्हणाली की बाबांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मी हसले. ती हसली नाही. पुढच्या महिन्यात तसंच आणखी एका सदऱ्याचं झालं. मग ती एकेक सांगत गेली. ते कोपऱ्यावरच्या दुकानातून निघतात आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे हे ठरेना म्हणून तिथेच उभे राहतात. ओळखीचा कुणी दिसला की त्याच्याबरोबर चालत घरी येतात, जणू गप्पांसाठीच थांबले होते. दुपारी कापडाच्या ताग्यांकडे बघून कुणाशी तरी बोलतात. वय छप्पन्न. मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि वयाच्या मानाने ठीक आहे म्हणून सांगितलं. निवृत्त सैनिकांच्या कचेरीत केलेला, नोकरीतल्या इजेच्या भरपाईचा अर्ज दोनदा परत आला होता, कारण त्यात इजा झाल्याची तारीख असा एक रकाना होता. पहिल्यांदा आईने तो मोकळा सोडला. दुसऱ्यांदा एकोणीस वर्षं असं लिहिलं. खिडकीवरच्या कारकुनाने तिला समजावून सांगितलं की बाई, एकोणीस वर्षं ही काही तारीख नाही. तो बिचारा वाईट नव्हता, असं आई म्हणाली. त्याने तिला प्यायला पाणीही दिलं.

मी तरीही गेले नाही. हे लपवण्यात अर्थ नाही.

गेले ती एका सहीसाठी. आईचा फोन बुधवार नसताना आला. दुकानात एक बाई आली होती. बाबांच्या हाताखाली पाच वर्षं माळावर काम केलेल्या एका जवानाची ती थोरली बहीण. त्या जवानाला सगळे बारक्या म्हणत. तो वारला होता, आणि त्या माळावर राबलेल्या माणसांना शोधत ती गावोगाव फिरत होती. तिच्याकडे एक कागद होता. मृत्यूनंतर डोकं तपासायला द्यायचा. त्यावर त्या माणसाची स्वतःची, बायकोची आणि मुलांची सही लागते. बाबा तयार आहेत, आई म्हणाली. मग म्हणाली, "तू ये. माझ्यासाठी ये हवं तर."

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी दुकानात पाय ठेवला. कापायचं टेबल तेच होतं, भिंतीला तेच ताग्यांचं कपाट. बाबा स्टुलावर बसून बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होते. ते मला ओळखणार नाहीत अशी मनाची तयारी करून मी आले होते. पण त्यांनी वर पाहिलं आणि लगेच म्हणाले, "ठकू. केस कापलेस." जणू मी सकाळी बाहेर जाऊन आले होते. मग डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हनुवटीला काय झालं गं?"

आईने माझ्याकडे पाहिलं.  मी पर्स खुंटीला अडकवायला म्हणून पाठ फिरवली.

बारक्याची बहीण टेबलाच्या पलीकडे बसली होती. चाळिशी उलटलेली, सडसडीत, एका शाळेच्या वाचनालयात काम करणारी. बोलणं हळू आणि नीट, जसं पुस्तक परत न करणाऱ्याशी बोलावं तसं. तिने सांगितलं की बारक्या तीन वर्षांपूर्वी गेला. स्वतःहून गेला. सदतीस वर्षांचा होता. आधी झोप गेली, मग चाल बिघडली, मग अंगावर धावून यायला लागला, एकदा तर आईवरही. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे मनावर घेतलंय. जाताना त्याने चिठ्ठीत एकच गोष्ट मागितली होती, माझं डोकं उघडून बघा.

बाबांच्या हातातली बटणं तशीच राहिली. त्यांनी ताग्यांच्या कपाटाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे.

"तीन वर्षं झाली?" ते म्हणाले. "मग रोज दुपारी येतो तो कोण?"

 बाबांनी स्वतःच पुढे सांगितलं, घाबरून नव्हे, थोडं ओशाळून. बारक्या तिथे, निळ्या ताग्याच्या बाजूला उभा राहतो. काही मागत नाही. नाकातून पाणी येत असतं आणि ते पुसायला त्याच्याकडे रुमाल नसतो. बाबांना वाटे, आपल्याला काही सांगायला आला असेल, कारण एकदा सांगायला आला होता तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं. माळावर. डोकं सुन्न झालंय उस्ताद, दोन-दोन डोंगर दिसतायत, म्हणाला होता. आणि बाबांनी त्याला हसत तोफेकडे परत पाठवलं होतं. आज दोन दिसतात तर दोन्हीवर मार, म्हणून.

"मी पाठवलं त्याला," बाबा म्हणाले. "माझ्या हाताने."

 मग त्या बाईने जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बारक्या रजेवर घरी आला की उस्तादांच्या गोष्टी सांगायचा, पण ही गोष्ट त्याने कधी सांगितली नव्हती. त्याची एकच गोष्ट ठरलेली असायची. ज्या दिवशी शंभराच्या वर गोळे सुटायचे त्या दिवशी दुपारी उस्ताद आणि तो, दोघं गोदामाच्या मागे जाऊन ओकायचे. एकमेकांची डोकी धरायचे. मग चुळा भरून, तोंडं पुसून, तुकडीसमोर येऊन ताठ उभे राहायचे. बोलायचं नाही हे ठरलेलं होतं. बोललं की माळावरून काढतील आणि कुठल्या तरी कचेरीत कागद लावायला बसवतील, असं दोघांना वाटायचं.

बाबा ऐकत होते. त्यांना हे आठवत नव्हतं, ते दिसतच होतं. दुसऱ्या कुणाबद्दल तरी ऐकावं तसा त्यांचा चेहरा होता. पण आईचा चेहरा मी पाहिला. ती सुई हातात धरून उभी होती आणि मनात वर्षं मागे मागे नेत होती. बारक्या माळावर आला तेव्हा मी सात-आठ वर्षांची, म्हणजे गोदामामागच्या ओकाऱ्याही तेव्हाच्या. मिणमिणत्या उजेडातली जेवणं. बदक आणि आगगाडी बंद झाली तेव्हाची.

"मला का नाही सांगितलंत?" आईने विचारलं. बाबांनी खांदे उडवले. ज्याने सांगितलं नव्हतं तो माणूस आता तिथे नव्हता.

बारक्याचं डोकं तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी काय सांगितलं, ते मग तिने सांगितलं. साध्या फोटोत काही दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. मेंदूत एक करडा भाग असतो आणि एक पांढरा, दोन्हींचा मऊपणा वेगळा. हादरा आतून जातो तेव्हा दोन्ही सारखे हलत नाहीत. ते जिथे जोडलेले असतात तिथेच बारीक बारीक व्रण पडतात. बारक्याच्या डोक्यात त्या रेघेवर जागोजागी व्रण होते. हे सगळं अजून नीट कुणालाच कळलेलं नाही, म्हणून तर डोकी हवीत, असंही डॉक्टर म्हणाल्या होत्या.

आई पटकन म्हणाली, "सुती आणि रेशमी एकत्र शिवलं की असंच होतं. कापड चांगलं राहतं, ओढ शिवणीवर येते."

मला एक गोष्ट विचारायची होती आणि ती बाबांसमोर विचारायची नव्हती. त्या बाईला बसथांब्यापर्यंत सोडायला मी बरोबर गेले. वाटेत विचारलं, त्या व्रणांवरून कळतं का, की माणूस जे वागला त्यातलं तोफेचं किती आणि त्याचं स्वतःचं किती. तिने माझ्या हनुवटीकडे पाहिलं. आम्ही दोघी एकाच प्रश्नाशी येऊन थांबलो होतो. तिने हेच डॉक्टरांना विचारलं होतं, भावाने आईवर हात उचलला त्या दिवसाबद्दल. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मला व्रण दिसतात, कुठला दिवस कुठल्या व्रणाचा हे दिसत नाही.

"मी दोन्ही धरून चालते," ती म्हणाली. "काही दिवस रागावते, काही दिवस नाही. तुम्हाला दुसरं काही सुचलं तर मला कळवा."

परत आले तेव्हा बाबांनी सही केली होती. कागदाला बोट लावून ते मला जागा दाखवत होते, इथे तुझी. मी सही केली. त्यांनी पुन्हा विचारलं, हनुवटीला काय झालं. या वेळी मी सांगितलं. तुम्ही कात्री फेकली होती, बाबा. मी सतरा वर्षांची होते.

त्यांनी टेबलावरच्या कात्रीवर हात ठेवला, झाकल्यासारखा. मग म्हणाले, "कागद कापला होतास का?"

मी हो म्हटलं. वर्षानुवर्षं मनात घोळवलेली सगळी भाषणं माझ्यापाशी होती, आणि मला हसू आलं, ते आवरेना. आई घाबरून बघायला लागली. बाबा हसले नाहीत.

"तरीही," ते म्हणाले. "तरीही नाही फेकायची कात्री." आणि त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरून, खडूची रेघ तपासावी तसा तो व्रण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विसरले होते. चहा पिताना पुन्हा तोच प्रश्न. त्यानंतर पाच वर्षं मी दर पंधरा दिवसांनी जात राहिले आणि प्रत्येक खेपेला एकदा तरी त्यांनी ते विचारलं. कधी मी खरं सांगायचे. मग ते दिवसभर गप्प व्हायचे आणि आई मला रागवायची. कधी सांगायचे, पडले लहानपणी. तेव्हा ते म्हणायचे, जपून खेळावं. कुठलं उत्तर दयेचं होतं आणि कुठलं सुडाचं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. एकदा मात्र मुद्दाम, दुखवायला म्हणून खरं सांगितलं होतं.

बारक्या येत राहिला. तो वारला हे बाबांना सांगून झालं होतं, पण ते टिकलं नाही. आईने निळ्या ताग्यापाशी एक स्टूल आणून ठेवलं. किती वेळ उभं ठेवायचं पोराला, म्हणाली. उरलेल्या कापडातून शिवलेला एक रुमालही तिने त्यावर घडी करून ठेवला. एका दुपारी मी टेबलाशी बसले होते आणि बाबा त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून समजुतीच्या सुरात बोलत होते. आज राहू दे. आज तू मागे बस. मी सांगतो त्यांना, याचं डोकं दुखतंय म्हणून. मला माहीत होतं की तिथे कुणी नाही. तरी उठून पलीकडे जाताना मी त्या स्टुलाला वळसा घातला.

शेवटच्या वर्षी त्यांना बटणंही ओळखू येईनात. मग थंडीत छातीत कफ झाला आणि एका सकाळी ते गेले. वय एकसष्ट. डॉक्टरांचे लोक दुपारच्या आत आले, नीट वागले, चपला बाहेर काढून आत आले.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. माझ्या कामाच्या जागेसारखाच तिथेही औषधांचा वास आणि स्वच्छ पुसलेली टेबलं. डॉक्टर ठेंगण्या, पिकल्या केसांच्या. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं आणि पेन्सिलीच्या टोकाने रेघ दाखवली. ती बारीक, तपकिरी, तुटक, करड्याच्या आणि पांढऱ्याच्या कडेकडेने जात होती. बारक्यापेक्षा दाट. त्यांनी विचारलं की एखाद्या मोठ्या स्फोटात सापडले होते का, कुठल्या लढाईत. मी म्हटलं, नाही, ते लढाईवर कधी गेलेच नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

मी तयार करून आणलेले प्रश्न होते. पण आईने आधी विचारलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"दुखत असेल का हो त्यांना?"

 डॉक्टरांनी चित्र बंद केलं, चष्मा काढला. मग म्हणाल्या की नक्की सांगता येत नाही, पण डोकं दुखत असावं. बहुतेक रोज. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून.

आईने मान हलवली आणि पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. परतीच्या बसमध्ये तिने खिडकीजवळची जागा मागून घेतली. अर्धा रस्ता झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "छत्तीस वर्षं मी त्यांना विचारत होते, जेवण कसं झालंय. रोज म्हणायचे, छान झालंय."

मी तिचा हात धरला. तिने तो राहू दिला, आणि आमचा थांबा आला तेव्हा आधी उठून उभी राहिली.